कमानी

नई सडकेवर माझं दुकान, सहा फूट रुंद.
पाटीवर 'पांचाळ गन रिपेअर, सरकारमान्य',
त्यातला 'न्य' उन्हाने कधीच खाल्लाय.
संध्याकाळी बाकावर तिघे-चौघे येऊन बसतात
आणि एकमेकांच्या बंदुकांना नावं ठेवतात.

रावसाहेब इंगळे 'दुनाळी' म्हणत नाहीत.
'वेब्ली' म्हणतात,
तेही मांडी बदलून, व्याह्यांचं नाव घ्यावं तसं.
बर्मिंगहॅम, एकोणीसशे सव्वीस.
"बेल्जियमची? वाईट नाही हो,"
ते भदौरियांना सांगतात,
"जावयाला द्यायला ठीक."
भदौरियांची मिशी जराशी उतरते.
मग तेही खालचं कुणी शोधतात.
शोधलं की सापडतंच:
बँकेचा गार्ड, परमाल कुशवाह,
ऑर्डनन्सची एकनळी, पट्ट्याच्या जागी सुतळी.
"ही काय बंदूक? नळ आहे नळ.
पाणी येतं का रे हिला?"
परमाल बाकावर बसत नाही. उभ्यानेच म्हणतो,
"पाणी नाही, साहेब. पीठ येतं."

काडतुसं सगळ्यांची खडकीची.
तो विषय बाकावर निघत नाही.

मी नळीला डोळा लावतो
आणि मला माणूस दिसतो.
रावसाहेबांच्या उजव्या नळीत कोळ्याचं घर,
नांदतं.
भदौरियांच्यात तीन लग्नांची काजळी.
परमालच्या नळीतून समोरच्या गजकवाल्याचा दिवा
स्वच्छ, गोल, टिकलीएवढा.
हे मी कुणाला सांगत नाही.
आमचा पणजोबा फौजेबरोबर तोफांचा लोहार म्हणून आला,
तेव्हापासून घरात एकच शिकवण:
आतलं आत.

ऑक्टोबरात आचारसंहिता लागली.
सगळ्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची.
रावसाहेब मखमलीच्या पेटीसकट गेले, मला सोबत घेऊन.
मुन्शीने पेटी परत केली, बंदूक ठेवली,
वहीत लिहिलं: बारा बोर, दुनाळी, जुनी.
"वेब्ली लिहा."
"त्याचा रकाना नाही, साहेब."
एकशे सतरा नंबरचा पुठ्ठा दोऱ्याने घोड्याला बांधला.
एकशे अठरा भदौरिया.
भिंतीला टेकून उभ्या दोघी, खांद्याला खांदा,
आणि पलीकडे कुणा मुरैनाकराची,
जिच्या दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
रावसाहेबांनी ती थोडी सरकवून पाहिली.
मुन्शी म्हणाला, "हात नका लावू."

बाहेर पडलो तर परमाल पायऱ्यांवर.
बँकेचं पत्र होतं त्याच्याकडे, सूट मिळालेली.
पत्राची घडी खिशात घातली,
नळ खांद्यावर टाकला
आणि सायकलवर बसून गेला कामाला.
अख्ख्या लष्करात त्या दिवशी
चालती बंदूक तेवढीच.

त्या संध्याकाळी बाकावर
कुणाला हात कुठे ठेवावेत कळेना.
रावसाहेबांनी ते गुडघ्यांवर ठेवले, मग काखेत.
बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले,
"पांचाळ, खरं सांग.
माझ्यासारखी दुसरी आहे का ग्वाल्हेरात?"

मी बारा वर्षांचा होतो.
डाव्या घोड्याची कमानी तुटली होती.
कलकत्त्याहून विलायती यायला आठ महिने,
आणि यांच्या वडिलांना बंदूक दसऱ्याला हवी.
बाबांनी भिंडच्या एका मोडक्या जीपचा पाटा कापला,
तीन रात्री कानस चालली,
मी भाता मारला.
तेल पाजून, निळी करून, बसवली.
आतल्या बाजूला, दिसणार नाही असं,
छिन्नीने एक अक्षर: पां.
चाळीस वर्षं झाली.
बर्मिंगहॅमच्या पोटात भिंडचा पाटा
दर दसऱ्याला पूजा घेतोय.

"नाही, रावसाहेब," मी म्हणालो,
"तशी एकच आहे."

त्यांनी चहा सांगितला. एक मलाही, पहिल्यांदाच.
भदौरियांनी बशीत फुंकर मारता मारता विचारलं,
"आणि माझी?"